रोवणीतला बोरा आणि पदवीचं हूड: गाऊन, टोपी आणि कॉलेजच्या रंगांची गोष्ट

आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. ते वर्षातून एकदाच उघडतं. पदवी वितरण समारंभाच्या दोन दिवस आधी मी त्याची किल्ली शोधते, दार ओढते आणि डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरतो. आत काळे गाऊन, चौकोनी टोप्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, गाऊनवरून पाठीवर सोडायची रंगीत अस्तराची हूडं असतात. ती मोजायची, उसवलेली शिवून घ्यायची, गोंडे तुटले असतील तर नवे लावायचे, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

यंदा मदतीला बीएच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली होती. सोबत तिची आई, ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातून एसटीनं आलेली. मुलीनं हूड हातात धरून विचारलं, "मॅडम, हे डोक्यावर घालाचं का गळ्यात?" मी सांगणार तेवढ्यात आईनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, मागची टोकदार पिशवी चाचपली आणि म्हणाली, "अव माय, हे तं रोवणीतल्या बोऱ्यावानी हाय!"

ज्यांनी भर पावसात धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. रिकाम्या बोऱ्याचा, म्हणजे पोत्याचा, एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की टोकदार खोळ तयार होते. ती डोक्यावर घेतली की डोकं, खांदे आणि वाकलेली पाठ एकदमच झाकली जाते. पाऊस उघडला की मागे सरकवायची, पुन्हा आला की पुढे ओढायची. बाईंनी जे एका नजरेत ओळखलं तेच पदवीच्या हूडाचं मूळ आहे. आठशे वर्षांपूर्वी युरोपातले मास्तर आणि विद्यार्थी थंडीपावसात डोक्यावर खोळच घेत होते.

तेव्हाची विद्यापीठं म्हणजे बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड. दगडी इमारती, चूल पेटेल तेवढ्याच कोपऱ्यात ऊब, आणि शिकणारे-शिकवणारे बहुतेक सगळे चर्चशी बांधलेले. धर्मकार्यातले लोक लांब झगा घालत, म्हणून विद्यार्थीही घालत. इंग्लंडमध्ये १२२२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी धर्मसेवकांनी समोरून बंद असलेला लांब झगा घालावा असा नियम केला. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात १३२१ च्या नियमांनी पदवीधरांना गाऊन सक्तीचा केला. हा वेश समारंभाचा नव्हताच. तो रोजचा होता, शेतकऱ्याच्या धोतरासारखा. जग पुढे गेलं, बाहेरच्या लोकांनी कोट-पँट घातले, विद्यापीठांनी मात्र जुना झगा सोडला नाही. म्हणून आज तो आपल्याला विचित्र दिसतो. लग्नात मुंडावळ्या आणि बाशिंग बांधतो तसं आहे हे. रोजच्या जगण्यातून गेलेली वस्तू विशेष दिवसापुरती जपून ठेवलेली.

हूडाचं काय झालं? डोक्यावर स्वतंत्र टोपी आली तशी खोळीची गरज संपली. ती मागे पाठीवर लोंबकळत राहिली. आणि पाठीवर असल्यामुळे तिचं अस्तर लोकांना दिसू लागलं. मग अस्तरातच रेशीम लावा, रंग लावा, कोणत्या दर्जाची पदवी ते त्यावरून कळू द्या, असं होत गेलं. पाऊस अडवणारं कापड हळूहळू ओळख सांगणारं कापड झालं. हूड घालताना अस्तर बाहेर उलटवायचं असतं ते याच कारणानं. दरवर्षी निम्मी मुलं ते काळ्या बाजूनं घालतात आणि सगळ्यात बोलकी गोष्टच आत दडून जाते.

रंगांकडे वळण्याआधी टोपीबद्दल दोन शब्द. चौकोनी पाट असलेल्या या टोपीचं इंग्रजी नाव, मॉर्टरबोर्ड, गवंड्याच्या अवजारावरून पडलं आहे. गिलावा करताना गवंडी डाव्या हातात एक चौकोनी फळी धरतो, खालून मूठ असते, वर कालवलेला माल असतो. ती फळी डोक्यावर उलटी ठेवली तर जशी दिसेल तशी ही टोपी. तिची पूर्वज धर्मगुरूंची मऊ चौकोनी टोपी. गोंडा उजवीकडून डावीकडे सरकवणं ही अमेरिकेतली चाल. टोप्या हवेत उडवणंही तिथलंच, १९१२ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीतून सुरू झालेलं. आपल्या विद्यापीठांच्या परंपरेशी या दोन्हींचा संबंध नाही, मोबाइलवर पाहून पोरं करतात. करू द्यावं, फक्त टोपीची टोकं डोळ्याला लागतात, तेवढं मी आधी सांगून ठेवते.

आता रंग. मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. कॉलेजचा रंग म्हणजे कुणीतरी थोर माणसांनी बसून, प्रत्येक छटेला अर्थ देऊन ठरवलेली गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पांढरा म्हणजे शांती, केशरी म्हणजे त्याग, अशी पाठ केलेली उत्तरं आपण देतो. प्रत्यक्षात जगातल्या कितीतरी नावाजलेल्या विद्यापीठांचे रंग होड्यांच्या शर्यतीतून आले आहेत.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पहिली होडीशर्यत १८२९ साली झाली. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांत क्राइस्ट चर्च कॉलेजची मुलं बरीच होती आणि त्या कॉलेजचा रंग गडद निळा, म्हणून ऑक्सफर्ड गडद निळं झालं. १८३६ च्या शर्यतीत केंब्रिजच्या होडीच्या टोकाला फिकट निळी फीत बांधली गेली, तोच त्यांचा रंग. अमेरिकेत हार्वर्डची गोष्ट याहून साधी. १८५८ मध्ये बॉस्टनच्या शर्यतीत काठावरच्या लोकांना आपली होडी ओळखू यावी म्हणून चार्ल्स एलियट आणि बेंजामिन क्राउनिनशील्ड यांनी आपल्या गड्यांसाठी लाल रुमाल आणले. डोक्याला बांधलेले ते रुमाल लोकांच्या लक्षात राहिले. पुढे एलियट त्याच हार्वर्डचे अध्यक्ष झाले, आणि १९१० मध्ये किरमिजी लाल हा विद्यापीठाचा अधिकृत रंग ठरला. म्हणजे रुमाल आधी, ठराव पन्नास वर्षांनी. आपल्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, लांबून आपली जोडी ओळखू यावी म्हणून बैलांच्या शिंगांना रंग लावतात आणि पाठीवर झूल टाकतात, त्यामागची गरज यापेक्षा वेगळी नाही.

अमेरिकेतल्याच कोलंबिया विद्यापीठाचा फिकट निळा आणि पांढरा यांचा उगम आणखी वेगळा. १८५२ च्या सुमारास तिथे विद्यार्थ्यांच्या दोन वाङ्‌मय मंडळांची चढाओढ होती. एकाचा रंग निळा, दुसऱ्याचा पांढरा. एका संयुक्त कार्यक्रमात दोन्ही रंग एकत्र आले आणि तेच कॉलेजचे झाले. भांडणाऱ्या दोन मंडळांनी मिळून विद्यापीठाला रंग दिला, हे मला फार सुंदर वाटतं.

हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच का घडलं असावं? एक कारण मला रंगाऱ्याच्या कढईत दिसतं. त्याआधी चांगला पक्का रंग महाग होता. जुन्या युरोपात विद्वानांच्या झग्याचा झगझगीत लाल रंग ओकच्या झाडावरच्या एका बारीक किड्यापासून काढत. आपल्या पळसावर लाखेचा किडा असतो, त्याच्यापासूनही लाल रंग निघतो. तो काढणं किती कष्टाचं आहे हे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात लाख गोळा करणाऱ्याला विचारा. असा रंग डॉक्टर पदवीधराच्या झग्याला परवडे, सामान्य विद्यार्थ्याच्या अंगावर तो यायचाच नाही. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला प्रयोग करताना अपघातानं जांभळा कृत्रिम रंग मिळाला. त्यामागून एकेक रासायनिक रंग बाजारात आले. रंग स्वस्त झाला, आणि कॉलेजच्या पोरांनाही फिती, रुमाल, झेंडे रंगवणं सोपं झालं.

रंग वाढले तसा गोंधळही वाढला. तो निस्तरण्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांनी १८९५ मध्ये एक संहिता केली. आल्बनी गावच्या गार्डनर कॉट्रेल लेनर्ड नावाच्या, कापड-वेशाच्या घरच्या धंद्यातल्या माणसाचा तिच्यात मोठा वाटा होता. ही संहिता समजली की पदवीधराला पाठीमागून वाचता येतं. हूडाच्या आतलं अस्तर सांगतं की पदवी कोणत्या विद्यापीठाची. हूडाच्या कडेची मखमली पट्टी सांगते की विषय कोणता: कला शाखेला पांढरी, विज्ञानाला सोनेरी पिवळी, वैद्यकाला हिरवी, कायद्याला जांभळी, आणि शेतीला मक्याच्या दाण्याचा पिवळा. बाही सांगते दर्जा. बीएची बाही टोकदार, एमएची लांब, डॉक्टरेटची घंटेसारखी रुंद आणि तिच्यावर मखमलीच्या तीन पट्ट्या. आपल्याकडच्या लुगड्याचा काठ आणि पदर पाहून जाणती बाई कोणत्या भागातलं आणि कोणत्या प्रसंगाचं ते सांगते, तशीच ही वाचनकला.

भारतात मात्र अशी एकच संहिता नाही. इथे प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमांत गाऊनचा नि हूडाचा रंग स्वतः ठरवतं. त्यामुळे एका विद्यापीठातला कला शाखेचा रंग शेजारच्या विद्यापीठात दुसऱ्याच शाखेचा असू शकतो. अमेरिकेचा तक्ता बघून आपला हूड वाचायला गेलात तर फसाल.

हा वेश आपल्यापर्यंत आला लंडनमार्गे. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. नमुन्याबरोबर झगाही आला. नागपुरातली हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं १८८३ आणि १८८५ मधली. त्यांची मुलं सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा देत, पुढे अलाहाबादच्या. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालं तेव्हा कुठे या भागाला आपली पदवी मिळाली. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ चं, गडचिरोलीचं गोंडवाना २०११ चं. आमच्याच स्टाफरूममध्ये वयस्क प्राध्यापकांच्या पदव्या नागपूरच्या आहेत आणि तरुणांच्या गोंडवानाच्या.

हिस्लॉप कॉलेज निघालं त्याच १८८३ साली कलकत्ता विद्यापीठातून कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघी बीए झाल्या. त्या वेळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये बायकांना पदवीच मिळत नव्हती. ऑक्सफर्डनं ती १९२० मध्ये दिली, केंब्रिजनं पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं. हा इतिहास हूडाच्या शिलाईत अजून दिसतो. हूडाला समोर गळ्यापाशी एक छोटा बंद असतो. तो शर्टाच्या बटनात अडकवायचा, नाहीतर मागच्या वजनानं हूड गळ्याला आवळतो. ज्यानं हे कापड बेतलं त्याच्या डोळ्यांसमोर शर्ट घातलेला पुरुष होता. साडीला नि पंजाबी ड्रेसला तिथे बटन कुठे असतं? म्हणून समारंभाच्या दिवशी माझ्या पदराला सेफ्टीपिनांची माळ लटकलेली असते. एकेका मुलीचा हूड मी खांद्यावर आणि छातीशी पिनेनं बसवते.

गाऊन परका आहे, गुलामीची खूण आहे, फेकून द्या, असं म्हणणारे बरेच आहेत. २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षांत समारंभात व्यासपीठावरच गाऊन उतरवला होता. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं समारंभासाठी हातमागाचं कापड वापरा असं विद्यापीठांना कळवलं. एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात टेरिकॉटचा काळा झगा अंगावर घेऊन दोन तास बसणं किती कठीण आहे ते मी जवळून पाहते, म्हणून हातमागाची सूचना मला मनापासून पटते.

पण मला दुसरी बाजूही माहीत आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांत भिंतीवर एक फोटो असतो. गाऊन घातलेले बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठानं ५ जून १९५२ ला त्यांना सन्मानाची डॉक्टर ऑफ लॉज पदवी दिली. ज्या कोलंबियानं निळा-पांढरा रंग दोन मंडळांच्या चढाओढीतून घेतला, आणि जिथे १८९५ ची रंगसंहिता ठरवणारी बैठक झाली, तेच हे विद्यापीठ. आंबेडकरी चळवळीचा निळा रंग वेगळ्या वाटेनं आला आहे, त्याचा कोलंबियाच्या निळ्याशी संबंध जोडू नये. तरी त्या फोटोतला काळा झगा आमच्या मुलांना परका वाटत नाही. शाळेची पायरी ज्यांना नाकारली गेली त्यांच्या घरात तो झगा म्हणजे मिळवलेला हक्क आहे. त्या घरच्या मुलीला 'गाऊन म्हणजे गुलामी' असं सांगताना दहादा विचार करावा.

आणखी एक. गाऊनखाली काय आहे ते दिसत नाही. माझी स्वतःची पदवी मी ज्या कॉलेजातून घेतली तिथे गाऊनसाठी अनामत रक्कम भरायची होती. घरी त्या महिन्यात तेवढे पैसे निघाले नाहीत. मी समारंभाला गेले नाही. प्रमाणपत्र नंतर कार्यालयातल्या खिडकीवरून सही करून घेतलं. पुढे नोकरी लागल्यावर तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेले. तिथे खुंटीवर एकच गाऊन टांगलेला असायचा, येईल त्याला तो घालून फोटो काढत. माझा फोटो त्याच गाऊनमधला आहे. म्हणून या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली तेव्हा मी पहिली विनंती केली ती अनामत बंद करण्याची. आज मजुराची मुलगी आणि बियाण्याच्या दुकानदाराची मुलगी एका रांगेत सारख्या दिसतात, याचं मोल मला कळतं.

बदल करायचा तर काय लक्षात ठेवायचं, ते पुण्यानं दाखवून दिलं. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या समारंभात गाऊन जाऊन कुर्ता-पायजमा आला, सोबत पुणेरी पगडी. त्यावर विद्यार्थ्यांनी निषेध केला. सावित्रीबाईंचं नाव असलेल्या विद्यापीठात फुले पगडी का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. देशी म्हटल्यानं कापड आपोआप सगळ्यांचं होत नाही, ते कोणाच्या डोक्यावरचं आहे हे विचारावंच लागतं. शांतिनिकेतनात हा पेच वेगळ्या रीतीनं सुटला आहे. विश्वभारतीत पदवीबरोबर सातविणीची पानं देतात. झाडाला जात नसते. आणि आपल्या वर्धेजवळ सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, तिथे विद्यार्थ्यांनी खादी वापरायची असा नियम आहे. म्हणजे तिथला शैक्षणिक वेश एका दिवसाचा नाही, कोइंब्राच्या जुन्या विद्यार्थ्यांसारखा रोजचा आहे.

आमच्या कॉलेजात यंदा यावर बरंच बोलणं झालं. हूडाचा रंग विद्यापीठाचा, तिथे महाविद्यालयाला हात लावता येत नाही. पण खांद्यावरून सोडायचं उपरणं आपलं असू शकतं. मग त्याचा रंग कोणता? मुलांनी पळसाच्या फुलाचा केशरी सुचवला, धानाच्या लोंबीचा सोनेरी सुचवला, एकानं मोहफुलाचा फिका पिवळा. मी त्यांना हार्वर्डच्या रुमालांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, अर्थ नंतर येईल, आधी काठावरून ओळखू येईल असं काहीतरी निवडा. शेवटी मतं कोसा रेशमाला पडली. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर आमच्याकडचे ढिवर लोक कोशाचे किडे पाळतात, आणि नागभीड, आरमोरी, भंडाऱ्याकडे त्याचं कापड विणलं जातं. न रंगवलेला कोसा मधासारखा असतो. काठाला करवत काठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी ती नक्षी, जिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सगळ्यांना पुरेल एवढं कापड घेणं यंदा जमलं नाही. विणकराकडून एक पट्टा आणला आणि तो वर्गात पहिल्या आलेल्यांना नाही, सगळ्यांना आळीपाळीनं मंचावर जाताना घालायचा असं ठरलं.

समारंभाच्या दिवशी ती मुलगी रांगेत उभी होती. हूड पुन्हा काळ्या बाजूनं, गळ्याशी आवळलेला. मी पिना घेऊन निघाले, पण तिची आई आधीच पोचली होती. तिनं हूडाचं टोक धरलं, आतला रंग बाहेर उलटवला, मागचा कोपरा बोटांनी आत खुपसून पिशवीला आकार दिला आणि दोन्ही खांद्यांवर सारखा बसवला. मग हात मागे करून माझ्याकडे पिन मागितली.